आमच्या ह्यांचं एकुलतं एक वाक्य

आमचे हे बावीस वर्षांत बावीस वेळा मेले. बुडून मेले, भाजून मेले, जिन्यावरून गडगडत मेले, कुऱ्हाडीने मेले आणि एकदा तर आरशात बघून नुसते घाबरून मेले. दर वेळी संध्याकाळी घरी येऊन बनियनवरचा लाल डाग पुढे करायचे आणि विचारायचे, "जाईल ना गं हा?" कुठला जातोय! साखरेच्या पाकात रंग कालवून करतात ते रक्त. धुवून धुवून माझ्या बोटांची सालं निघाली, पण आमच्या घरात एक बनियन पांढरं राहिलं नाही.

शाळांना सुट्टी लागली की पहिल्या शुक्रवारी स्वस्तातला एक भुताचा सिनेमा लागतो, बघितला असेल तुम्ही. एक कुटुंब सुट्टी घालवायला तलावाकाठच्या गेस्ट हाउसवर जातं आणि चौथ्या दिवसापर्यंत निम्मंच उरतं. अठरा दिवसांत शूटिंग उरकतात सगळं. दर वर्षी तेच गेस्ट हाउस, तोच जिना, तोच कुरकुरणारा दरवाजा. पडदे तेवढे बदलतात. त्यात पहिलं जे प्रेत सापडतं ना, कधी कपाटातून धाडकन बाहेर पडतं ते, ते आमचे हे.

एरवी हे फर्निचरच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाकडे पलंग पोचवायचा, जोडून द्यायचा, दार अडलं तर रंधा मारायचा. असाच एक पलंग त्या गेस्ट हाउसवर पोचवायला गेले होते. तिथे पलंगावरच्या प्रेताला शिंका थांबेनात. दिग्दर्शक वैतागला आणि ह्यांना म्हणाला, "अहो, पलंग तुम्हीच जोडलाय ना? मग झोपा बघू दोन मिनिटं." हे झोपले ते खरंच झोपले. सीन संपल्यावर हलवून उठवावं लागलं म्हणे. तेव्हापासून दर वर्षी बोलावणं.

एकदा तर त्या पाकाच्या रक्ताला मुंग्या लागल्या. गळ्यावरून, कानावरून, ओठांवरून रांग चालली, पण ह्यांनी पापणी हलवली नाही. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. प्रेतकाका म्हणतात तिथे ह्यांना. घरी आल्यावर मी चांगलंच खडसावलं, "जिवंतपणी तोंडातून ब्र निघत नाही तुमच्या, आणि मेल्यावर टाळ्या घेताय!" तर हसले नुसते. जन्माचे अबोल. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, हे मी लग्नापासून सांगतेय. पण ऐकेल तो माणूस कसला!

मी मात्र फटकळ. तोंडावर बोलते, खरं बोलते, मग समोरचा कुणी का असेना. नवी नवरी असतानाच मी सासूबाईंना म्हणाले होते, "आई, चहा पाणचट झालाय." तेव्हा त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. नंतर मात्र कुणी गोडगोड बोलायला लागलं की म्हणायच्या, "थांबा, सूनबाईला विचारते. ती खोटं बोलायची नाही." एवढा माझा लौकिक. हे ध्यानात ठेवा.

तर सासूबाई. घरात आम्ही तिघंच. हे पहिल्यांदा मेले त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची नजर गेली, काचबिंदूने. म्हणजे मुलगा पडद्यावर येईपर्यंत आईचे डोळे गेले. तरी पहिल्या सिनेमाला हौसेने आल्या. मी कानात सांगत होते, "आई, आले बघा हे. पलंगावर आहेत." "काय करतोय?" "काही नाही. मेलेत." थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" "अजून मेलेलेच आहेत." बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "अगं, मेलेला मुलगा मला कानांनी कसा दिसायचा? एकदा तरी बोलू दे त्याला. तेव्हा येईन मी." त्यानंतर एकवीस वर्षं त्या थिएटरात आल्या नाहीत.

पण कान! काय सांगू त्यांच्या कानांचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावर पाऊल वाजलं की ह्या खुर्चीतून सांगायच्या, "आला. आज डावा गुडघा दुखतोय त्याचा." आणि तो दुखत असायचाच. भाजीवाली, पोस्टमन, खालच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, सगळी जिन्यावरच ओळखायच्या. मग दोन वर्षांपूर्वी डावा कान गेला. यंदा डॉक्टर उजव्यात बॅटरी मारून म्हणाले, "हाही फार दिवस साथ देईल असं दिसत नाही. जे ऐकायचं ते ऐकून घ्या, आजी." सासूबाई फटकन म्हणाल्या, "मला एकच ऐकायचंय, आणि ते काही तुमच्या हातात नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

आणि काय योग बघा, यंदाच झालं ते! गेस्ट हाउसचा वॉचमन करणारा नट ऐन वेळी दुसरीकडे पळाला. दिग्दर्शक इकडे तिकडे बघत होता आणि समोर आमचे हे कपाटात जाऊन बसायच्या तयारीत. "प्रेतकाका, एक वाक्य बोलाल का? बोला आणि मग मरा." वाक्य असं होतं: "वरची खोली उघडू नका, साहेब. तिथले पाहुणे अजून गेलेले नाहीत."

त्या दिवशी हे जिना चढले ते दोन-दोन पायऱ्या घेत. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गं ह्याला? पळत का येतोय?" ह्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "आई, मी बोललो. पहिल्याच टेकमध्ये. दिग्दर्शक म्हणाला, काका, तुम्ही बोलता पण?" सासूबाई रडल्या, मीही रडले. मग चार दिवस घरात दुसरं काही नाही. आंघोळीला पाणी काढलं की, वरची खोली उघडू नका. कुलूप लावलं की, तिथले पाहुणे अजून गेलेले नाहीत. कान किटले माझे! सासूबाईंना मात्र म्हणून दाखवायला तयार नाहीत. "थिएटरातच ऐक," म्हणायचे. त्याही हट्टाने ऐकायच्या नाहीत, हे घोकायला लागले की उजव्या कानावर हात ठेवायच्या.

आता इथे चूक झाली ती सांगते. ह्या स्वस्तातल्या सिनेमात जागेवरचा आवाज ठेवतच नाहीत. तिथे बाजूला जनरेटर धडधडत असतो. बोलणं सगळं मागाहून डबिंगला बसून भरतात. हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ह्यांना कुठून ठाऊक असणार? बावीस वर्षं मेलेल्या माणसाला आवाजाशी काय देणंघेणं! तरी मी टोचत होते, म्हणून ह्यांनी एकदा सिनेमाच्या मॅनेजरला फोन केला, "माझं काही राहिलंय का?" तो म्हणाला, "काका, तुमचं सगळं झालं. निवांत राहा." दर वर्षी हेच सांगतो तो. ह्यांना वाटलं, आपला टेक चांगला झाला तोच ठेवला असेल.

पहिल्या शुक्रवारी दुपारचा खेळ. आम्ही तिघं आणि खालच्या दोघी बहिणी, कारण सासूबाईंनी जिन्यातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. नवं लुगडं नेसल्या होत्या. उजवा कान पडद्याकडे यावा म्हणून मी त्यांना पार डाव्या टोकाला, भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं. ह्यांना तिथे एक स्टूल मागून घेतलं, म्हणजे भिंत आणि आई ह्यांच्या मध्ये हे, दुसऱ्या बाजूला मी. सगळं थिएटर पोरांनी भरलेलं, किंचाळ्यांना ऊत आलेला. सासूबाईंनी एका हाताने ह्यांचा हात धरला होता, दुसऱ्याने माझा.

आले! कंदील घेऊन आमचे हे जिन्यात उभे राहिले. काय दिसत होते म्हणून सांगू! मी म्हटलं, "आई, आता." त्यांनी श्वास धरला. पोरंसुद्धा गप्प झाली. ह्यांचं तोंड उघडलं आणि आतून भलताच आवाज आला. जाडा, घोगरा, पिंपात बसून बोलल्यासारखा. वरची खोली उघडू नका, साहेब.

सासूबाईंनी माझा हात ओढला. "हा कोण?" त्या म्हणाल्या. माझ्या बाजूला झुकून, हळूच म्हणाल्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, बोला हो, आता तरी बोला! शेजारी आई बसलीय, कान इथे आहे, म्हणा की तेच वाक्य! पण हे पडद्याकडे बघत बसले होते, पापणी न हलवता, मुंग्या चालल्या होत्या तेव्हासारखे. मागून त्या दोघींपैकी कुणीतरी विचारलं, "काय झालं हो आजी?" आणि मी, फटकळ, खरं बोलणारी, मी पटकन त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाले, "अहो आई, हेच की! तुमच्या कानामुळे तसा वाटतोय आवाज."

जळली मेली माझी जीभ ती. मला वाटलं, त्यांचं मन राखावं. चारचौघांत ह्यांची शोभा नको. अर्ध्या पळात काय काय येतं मनात! सासूबाईंनी माझ्या हातातला हात काढून घेतला आणि उजव्या कानाला लावला, दुखरा दात चाचपावा तसा. पडद्यावर पुढच्याच सीनमध्ये हे मेले आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

घरी येताना ह्यांना म्हणाल्या, "छान बोललास हो." हे "हं" म्हणाले. मग हे कुलूप काढायला पुढे गेले तेव्हा माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस हं. मी ओळखला नाही म्हणून. वाईट वाटेल त्याला." 

सोमवारी दुकानात अर्धी सुट्टी टाकून आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, तोंड मी उघडते, तुम्ही फक्त उभे राहा. त्याने वही काढली. एका पानावर नट, एका पानावर प्रेतं. आमचे हे सवयीने प्रेतांच्याच पानावर, पहिल्या ओळीत. "अहो वहिनी," तो म्हणाला, "प्रेतांना डबिंगला कोण बोलावतं? मी नटांचं पान बघून फोन लावले. हा वॉचमन मोकळा राहिला, मग तिथे जो होता त्यानेच बोलून टाकलं. डॉक्टरही तोच, भूतही तोच. कुत्रासुद्धा तोच भुंकलाय." मी म्हटलं, "बदला मग." तो हसला नाही, तेवढा भला. म्हणाला, "आता सगळीकडे लागलाय सिनेमा. कुणाच्याच हातात नाही काही."

त्या रात्री ह्यांनी सगळं आईला सांगितलं. एवढं सलग मी ह्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. वही, पान, डबिंग, कुत्रा, सगळं. शेवटी ते वाक्यही म्हणून दाखवलं, अगदी उजव्या कानाशी वाकून. मी दारात उभी राहून ऐकत होते. म्हटलं, सुटलो.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मान माझ्याकडे वळवली. "सांगितलंस ना त्याला? नको म्हटलं होतं मी." मी म्हटलं, "आई, शप्पथ, मी काही नाही सांगितलं. खरंच तसं झालंय. मीच तेव्हा खोटं बोलले." तर त्या हसल्या. लहान मुलांना हसतात तशा. "अगं, तोंड एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, असं कुठे असतं का? आणि कुत्रा काय, भूत काय! मला बरं वाटावं म्हणून रचलंत दोघांनी. तू तिथे पटकन बोललीस ना, तेच खरं. तुला खोटं बोलताच येत नाही." मी रडले, भांडले, आवाज चढवला, पायसुद्धा धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं. वय झालं. कान जायचेच."

मॅनेजरला घरी आणावं म्हटलं, तर हे म्हणाले, "त्यालाही आपणच पढवलाय म्हणेल ती." खरं होतं ते.

पुढच्या सिनेमाचं शूटिंग परवा सुरू झालं. ह्यांना पुन्हा बोलावणं आलंय, विहिरीत. दिग्दर्शकाने वाक्य देऊ का विचारलं, तर हे नको म्हणाले.

सासूबाईंचा उजवा कान अजून आहे. डॉक्टर म्हणतात, चांगला आहे, आम्ही समजलो त्यापेक्षा चांगला. पण त्यांचाच भरवसा उडालाय त्याच्यावरचा. संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजतं. मला कळतं की त्यांना ऐकू आलंय, कारण बोटं थांबतात त्यांची. तरी म्हणत नाहीत, आला म्हणून. हे आत येतात, चपला काढतात आणि म्हणतात, "आई, आलो गं." सासूबाई हात पुढे करतात. हे खाली वाकतात. त्या ह्यांची हनुवटी चाचपतात, लहानपणी पडल्याची खूण आहे तिथे बोट ठेवतात, आणि मग म्हणतात, "हां. तूच का?"