टाकीतलं कबूतर

सल्त गावच्या आरोग्य खात्यातर्फे नजाह बावीस वर्षं घरोघरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या तपासत होती. चहा नाकारला तर लोक जिना चढू देत नाहीत, म्हणून ती आधी चहा घ्यायची आणि मगच टाकी उघडायची. आज ती हजला जाऊन आलेल्या म्हाताऱ्या हज्जा फद्दाकडे आली होती, कारण तिच्या नातवाला आठवडाभर जुलाब होत होते.

"नजर लागलीय गं पोराला," हज्जा म्हणाली. "पाण्याला काय धाड भरलीय? चहा कसा झालाय, ते सांग!"

"छान," म्हणत नजाहनं पेला संपवला आणि वर जाऊन झाकण उचललं. आत कबूतर फुगून तरंगत होतं. पिसं सुटली होती आणि पाण्यावर पिवळी साय धरली होती. घशाशी आलेला चहा तिनं कसाबसा गिळला. बावीस वर्षांत किळस काही मेली नव्हती.

तिनं टाकीचा नळ बंद करून सील लावलं आणि खाली येऊन हज्जाला कबूतराचं सांगितलं.

"अगं, शेजारणी काय म्हणतील? कबूतर काढून टाकू, झालं!"

"हज्जा, तेच पाणी पोराच्या पोटात आहे. आता माझ्याही."

हज्जानं भरून ठेवलेला दुसरा पेला मोरीत ओतला आणि मलूल नातवाला कडेवर घेतलं.

"दवाखान्याची चिठ्ठी लिहून दे," ती म्हणाली.