बोटं राहिलीत बघ

सुरुवातीलाच सांगते, भूतखेत, करणी, दृष्ट वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे साधा नियम — जी चूक पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही असं समजायचं. लोकांचे असले अनुभव वाचून मी कित्येकदा हसलेय. आता तुम्ही हसा.

घर शनिवार पेठेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा मी शाळेत असतानाच गेले. घरात आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी शरयूताई. ताईच्या चेहऱ्यावर बाराव्या वर्षी कोड उठलं. ते कुणाला लागत नाही हे मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं. पण स्थळांना कोण समजावणार! ताईसाठी स्थळं बघणं आईने कधीच सोडून दिलं होतं. ताई घरीच मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायची. आता नंबर माझा होता.

वारज्याच्या एका स्थळाने फॅमिली फोटो मागवला. माझा बरा आलेला एकच फोटो होता — सोफ्यावर मध्ये मी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ताई, तिचा हात माझ्या खांद्यावर. माझी साडीसुद्धा तिनेच नेसवलेली. रविवारची सकाळ होती, ताई समोर गवार निवडत बसली होती. आई तिच्यादेखत म्हणाली, "मंजू, हिला यातून काढता येतं का गं?"

मला वाटलं, ताई उठून आत जाईल. ती म्हणाली, "काढ की. नाहीतरी जाडच दिसतेय मी."

फोनमध्ये नको ते पुसायची सोय असते, तुम्हीही वापरली असेल. बोटाने गोल केला आणि ताई गेली. तिच्या जागी सोफा आला, खाली फरशी आली. फरशीला एक तडा होता, तो शेजारी शेजारी दोनदा उमटला. पण एवढं कोण बघतंय... मी फोन आईच्या हातात देणार, तेवढ्यात ताईने मागून वाकून बघितलं.

"बोटं राहिलीत बघ."

खरंच, माझ्या खांद्यावर चार बोटं तशीच होती. मी तीही पुसली. मग मूळ फोटो डिलीट केला, ट्रॅशमधूनही काढून टाकला. उद्या नवऱ्याच्या हाती फोन लागला तर? अशा बाबतीत मी फार व्यवस्थित आहे.

वारज्याची मंडळी बघायला आली तेव्हा ताईला भाजीच्या निमित्ताने मंडईत पिटाळलं होतं. "एकटीच का हो मुलगी?" माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

"हो, एकटीच," आई म्हणाली आणि पोह्यांची डिश पुढे केली. मी मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं, लाजतेय. लग्न ठरलं, आणि लग्नात ताई माझी मावसबहीण झाली.

इथपर्यंत अमानवीय काहीच नाही. जे केलं ते आम्ही माणसांनीच केलं.

मग लग्नाचा अल्बम आला. माझ्या मुंडावळ्या ताईने बांधल्या होत्या, कानामागे लागलेली तिची गार बोटं मला आठवतात. फोटोत मुंडावळ्यांच्या दोऱ्या माझ्या डोक्यामागे हवेत ताणलेल्या होत्या, आणि मागच्या तोरणात एकच कुस्करलेला झेंडू ओळीने तीनदा. मी फोटोग्राफरला फोन लावला.

"अहो मॅडम," तो म्हणाला, "आम्ही फोटो काढतो, त्यातली माणसं नाही. तिथं कुणी नव्हतंच."

मी माहेरी जाऊन कपाटातले जुने अल्बम उपसले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, कागदावर छापलेले फोटो! शाळेच्या ग्रुप फोटोत मुलींच्या रांगेत एक जागा मोकळी. ताईच्या बारशाच्या फोटोत आई पाळण्याशेजारी बसलेली, दोन्ही हात पुढे, अगदी जपून काहीच न धरलेले. ताईच्या आधार कार्डावर नुसता करडा चौकोन. मग मी टेस्टिंग केलं. ताईला बाल्कनीत खुर्चीवर बसवून भर उजेडात दोन फोनवर चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत रिकामी खुर्ची, आणि खाली तडा गेलेली ती फरशी, दोनदा. बाल्कनीत फरशीच नाही, साधा कोबा आहे. पुन्हा पुन्हा करून दाखवता येत होती, म्हणजे माझ्याच नियमाने ही चूक खरंच झाली होती.

आईने अल्बम चाळले आणि मिटून ठेवले. "बरंच झालं. तुझ्या सासरच्यांनी कधी मागितले तर प्रश्न नकोत." खोटं कशाला लिहू, मलाही सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज फार नंतर वाटली.

ताई मात्र ते अल्बम परत उघडून शेवटच्या पानापर्यंत बघत होती. "बारशातसुद्धा?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मंजू, तो मूळ फोटो ठेवलायस ना? त्यातून आण की मला परत."

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणाले, "बघते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बघ," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी ताई गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा. आईने सगळं घर उलथंपालथं केलं. मी तिला असं रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "तो सोफ्याचा फोटो आहे ना... त्यातली तिची बाजू काप आणि फ्रेम करून आण. आपल्याला तरी माहितीये ना, तिथं कोण बसलं होतं."

मी आणली. बाबांच्या शेजारी ती फ्रेम लावली, हार घातला. आलेले लोक सोफ्याला नमस्कार करून जेवायला बसत होते.

दुपारी शबानाआपा आल्या. मंडईजवळ त्यांचं साड्यांचं दुकान, बारा वर्षं त्यांचे फॉल ताईच लावायची. सोबत नवी सून होती. आपा फ्रेमसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. सुनेने मला हळूच विचारलं, "मी त्यांना कधी पाहिलंच नाही. कशा दिसायच्या त्या?"

मी तोंड उघडलं. सख्खी बहीण, एका ताटात जेवलेलो आम्ही. काही येईचना.

"कोड होतं," मी म्हणाले. "चेहऱ्यावर."

"ते नाही विचारलं तिने," आपा म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "हसली की डोळे गच्च मिटायची. नाक अस्सं वर जायचं. चल."

हे का झालं, मला आजही सांगता येत नाही. फोनमधली चूक कागदावर कशी उतरली, कागदावरून माझ्यात कशी आली, कुणाला समजलं तर जरूर कळवा. मी रोज प्रयत्न करते. डोळे मिटते, ताईला हसवून बघते. सोफा दिसतो, फरशी दिसते, आणि तो तडा... दोनदा.