शर्टात बसलेला वास

बीडहून पाटोद्याकडे निघालेल्या काळीपिवळीत (प्रवासी जीप) मला पुढची जागा मिळाली, पण तो आनंद शहर सुटेपर्यंतच टिकला. ड्रायव्हरने सिगारेट पेटवली.

मी पुण्याहून माझ्या मुलीला पहिल्यांदा बघायला सासरी चाललो होतो. सुमन बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हाच मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बजावलं होतं की सिगारेट सुटल्याशिवाय लेकराला हात लावायचा नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तेवढं शिक्षण बघून, घर-जमिनीचा विषयही न काढता या माणसाने मुलगी दिली. त्यांचा शब्द मी पाळला होता. पावसाळ्यापासून सिगारेटला शिवलो नव्हतो.

“साहेब, कावून नाक दाबताव? काच खाली घ्या की,” ड्रायव्हर म्हणाला.

काच अर्धीच उतरली. उघड्या माळावरचा वारा आत आला, पण वास हलेना. ओढत होतो तेव्हा वेलदोडा चघळला की भागलं, असं मला वाटायचं. सोडल्यावर कळलं, तो पडद्यात बसतो, उशीत बसतो, दुसऱ्याच्या मिशीत बसतो. आता माझ्या शर्टात बसला होता. आणि मधूनच तो मला बरा वाटत होता, याची जास्त भीती वाटली.

लिंबागणेशला जीप थांबली तेव्हा नळावर हात, तोंड, कॉलर धुतली. चहा घेतला. कॉलर हुंगली. वास होताच.

सासरी मामींनी पायावर पाणी दिलं. बाळंतिणीच्या खोलीतून धुरीचा (निखाऱ्यावर टाकलेल्या ओवा-शेपेचा धूर) वास येत होता. त्यात माझा झाकून जाईल अशा आशेने मी उंबऱ्याकडे वळलो, तोच मामा ओसरीवरून उठले. सुमन तान्ही असताना त्यांनी बिडी सोडलेली. ते मला मागे न्हाणीपाशी घेऊन गेले.

“जावईबापू, वढली का?”

“नाही मामा. जीपमधला आहे.”

“शर्ट काढा.”

बैल पारखावा तसं त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं, मग बोटं हुंगली.

“न्हाई. बोटाला न्हाई. अंघूळ करा अन् जा लेकरापाशी.”

मला हायसं वाटलं. टॉवेल घ्यायला वळलो तर मामा माझा शर्ट नाकाशी धरून, डोळे मिटून उभे होते. मला पाहताच म्हणाले, “लई वंगाळ वास,” आणि शर्ट बादलीत बुडवला.

मुलीने माझं बोट घट्ट धरलं. सुमन हसली. मीही हसलो.

परतताना एसटीत खिडकीशी बसलो होतो. सुमन आता तिशीला आली, म्हणजे मामांनी बिडी सोडून तेवढीच वर्षं झाली. हे मनात आलं, आणि मग पुणे येईपर्यंत माझा डोळा लागला नाही.