सातव्या नंबरच्या सात मुली

माझी मुलगी जपानमधल्या इचिकावा शहरातल्या एका हायस्कूलमध्ये शिकते आणि शाळेच्या लांब पल्ल्याच्या संघात पळते. हा संघ हिवाळ्याच्या तोंडावर एकिदेन नावाच्या शर्यतीत उतरतो. एकिदेन म्हणजे रस्त्यावरची रिले. एकीने आपला टप्पा पळायचा, खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा काढून पुढचीच्या हातात द्यायचा आणि बाजूला कोसळायचं. मुलींच्या संघात पाच जणी लागतात. आमच्या संघात सात होत्या. म्हणजे दोघी राखीव राहणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही ते बोलत नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये संघाला नवे सर आले. गणिताचे शिक्षक, तरुण, अतिशय सज्जन. आधीच्या शाळेत त्यांच्याकडे व्हॉलीबॉल होता, आणि धावण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे ते प्रत्येक पालकाला भेटून वाकून सांगत. जुलै आला तरी सातांपैकी कोण पुढे आणि कोण मागे हे त्यांना ठरवता येईना. घड्याळ लावलं तर सातही जणी एका घोळक्यात यायच्या, कारण मैत्रिणीला मागे टाकून पुढे जायला प्रत्येकीला लाज वाटायची. उन्हाळ्यात कडक चाचणी घ्यायला शाळेची परवानगी नव्हती. सुट्टीतल्या सरावासाठी गट तर पाडायचे होते. शेवटी सरांनी मुलींनाच सांगितलं, तुम्हीच एकमेकींना क्रमांक द्या.

सातही मुलींनी स्वतःला सातवा क्रमांक दिला आणि बाकीच्या सहाही जणींना पहिला.

सर गणिताचे असल्यामुळे त्यांनी तरीही सरासरी काढली, असं माझ्या मुलीने सांगितलं. सगळ्यांची सारखीच आली.

मग सरांनी पालकांची सभा बोलावली. माझा नवरा ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर सेंदाईला गेला होता. सासरे मात्र घरी होते. तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आले होते. आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर रोज सकाळच्या चहाबरोबर भारताचा क्रिकेट संघ निवडतो. निवड समिती त्यांचं ऐकत नाही, हे त्यांचं कायमचं दुःख. पालकसभेत मुलींचे क्रमांक लावायचे आहेत म्हटल्यावर ते सकाळपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

"बाबा, सगळं जपानीत असेल. कंटाळाल तुम्ही," मी म्हटलं.

"कंटाळा कसला? मी रोज नदीवर बघतोच की पोरींना."

ते खरं होतं. सकाळी ते एदोगावाच्या काठावर फिरायला जात आणि मुली तिथेच सराव करत. मुली जाता जाता ओरडून नमस्कार करायच्या, हे बाकावर बसून हात वर करायचे.

निघताना मुलीने मला दारात गाठलं. तिचं मराठी बापाकडून आलेलं आहे. लहानपणी ती दिवसभर त्याच्याच मागे असायची, त्यामुळे अजूनही 'मी येतो, मी जातो' असंच बोलते. म्हणाली, "मम्मा, मला सातवा नंबर लिही. सगळे आपल्या मुलाला तेच लिहितात. वर लिहिलं तर मी शाळेत जाणार नाही."

वर्गात सगळे घरून आणलेल्या सपाता घालून मुलांच्या छोट्या बाकांवर अवघडून बसले. सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने आपल्या मुलीचा क्रमांक लिहायचा होता. त्यांनी विनवून सांगितलं की कोणी काय लिहिलं ते कोणाला कळणार नाही, कृपा करून मनापासून लिहा. लिहिता लिहिता पालक एकमेकांची समजूत घालत होते. एक आई म्हणाली, आमची जेवते मात्र छान, तेवढंच. एक बाबा म्हणाले, आमची पळते तेव्हा जुनं वॉशिंग मशीन पिळायला लागल्यासारखं वाटतं. मीही सातवा लिहिला आणि घडी घातली.

सरांनी सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या आणि त्यांचे खांदे खाली गेले. पुन्हा तेच. सात मुली, सातही सातव्या.

मग, निव्वळ सौजन्य म्हणून, सर बाबांकडे वळले. "आजोबा रोज नदीवर असतात असं ऐकलं. त्यांना काय वाटतं?"

"काय म्हणतोय तो?" बाबांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. तिथेच सगळं बिघडलं. बाबा उभे राहिले. बाकाला त्यांचा गुडघा आपटला, पण त्यांनी लक्ष दिलं नाही.

"सांग त्यांना. मला नावं ठाऊक नाहीत, वर्णनं सांगतो. पहिली ती उंच, जिच्या पायांचा आवाजच येत नाही."

हे मी आनंदाने भाषांतर केलं. मागच्या बाकावर एक बाबा लाल झाले आणि हात हलवून नाही नाही म्हणू लागले.

"दुसरी लाल बूटवाली. तिसरी ती, जी पळताना तोंड आ करते. मिटलं तर दुसरी येईल."

"तिसरी, जी मोकळेपणाने श्वास घेते," मी जपानीत म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी एवढं बोललो, तुझं एवढ्यात कसं संपलं?"

"जपानी छोटी भाषा आहे, बाबा."

"चौथी ती, जी घरी गॅस चालू राहिलाय अशा चेहऱ्याने पळते."

मी अडखळले. सर खडू घेऊन फळ्यापाशी उभे होते. मला त्या चेहऱ्यासाठी दुसरा शब्द सुचेना, म्हणून होतं तसंच सांगितलं. मग खिडकीजवळची एक आई तोंडावर हात धरून ओरडली, "ही तर आमचीच!" आणि अख्खा वर्ग हसायला लागला. त्या हसण्याने बाबांना जे बळ आलं, ते त्यांना चाळीस वर्षांच्या नोकरीत आलं नसेल.

"पाचवी ती, जी मला सगळ्यात खाली वाकून नमस्कार करते. पोरगी गुणी आहे, पण वाकण्यात वेळ घालवते. सहावी आमची."

मी थांबले. "बाबा, आमची?"

"आमची. सांग." मी सांगितलं.

"आणि सातवी ती गोल चेहऱ्याची, हसत हसत येणारी. ती पळायला येते की फिरायला, मला अजून कळलेलं नाही."

सरांनी सगळं फळ्यावर लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता मावत नव्हती. अनेक महिन्यांत कोणीतरी त्यांना पहिल्यांदाच एकापाठोपाठ एक असा क्रम दिला होता. त्या क्रमानेच त्यांनी गट पाडले.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी मुलींच्या ग्रुपवर पोचली होती. मुलगी दारातच उभी होती.

"आजोबा, मी सहावा?"

"सहावी," बाबांनी दुरुस्त केलं.

"का?"

"तू मागे बघतेस. दर थोड्या वेळाने मान वळवतेस. पुढे जायचंय तुला की मागची हजेरी घ्यायचीय?"

त्यावर ती जे बोलली ते जपानीत होतं आणि मी त्याचं भाषांतर केलं नाही. त्या दिवसापासून तिने आजोबांशी मराठी बोलणं बंद केलं. शिक्षा म्हणून. ती जपानीत भांडायची, ते मराठीत उत्तर द्यायचे. त्यांना जपानीचं अक्षर कळत नसे आणि ती मराठी न कळल्यासारखं दाखवायची, त्यामुळे दोघांनाही रोज आपणच जिंकलो असं वाटायचं. मी मधे बसून पोळ्या लाटायची.

नदीवर मात्र बाबांचं वजन एकदम वाढलं. बाकासमोर आल्या की मुली वेग वाढवू लागल्या. तोंड आ करणारी ओठ घट्ट मिटून जायची आणि पुढच्या पुलापाशी धापा टाकत थांबायची. खाली वाकणारी आता पळता पळताच मान झुकवायची, त्यात एकदा सायकलवाल्यावर आदळता आदळता वाचली. बाबा घरी येऊन रोज अहवाल द्यायचे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी आमच्या दारात नाशीची पेटी आली. नाशी म्हणजे इथली गोल, रसरशीत नासपाती. आमच्या भागात तिच्या बागा आहेत. पाठवणारे होते गोल चेहऱ्याच्या मुलीचे आईवडील. त्यांची स्वतःचीच बाग होती. सोबत चिठ्ठी, 'आमच्या मुलीकडे लक्ष दिल्याबद्दल आभार.'

बाबा दोन पावलं मागे सरकले. "ही लाच आहे. परत पाठव."

"इथे उन्हाळ्यात अशा भेटी देतात, बाबा. परत पाठवली तर अपमान होईल."

"मग ठेव. पण सांगून ठेवतो, नासपाती खाऊन मी नंबर बदलणारा नाही."

त्यांनी त्या दिवशी दोन खाल्ल्या. संध्याकाळी अजून एक. नंबर सातवाच ठेवला. परतफेड म्हणून मी डबाभर चकल्या करून पाठवल्या. दोन दिवसांनी आणखी नासपाती आल्या. मग मी चिवडा पाठवला. हा व्यवहार पुढे आम्हा दोघी आयांच्या हाताबाहेर गेला.

सप्टेंबरात उकाडा जरा कमी झाला आणि सरांनी मैदानावर तीन हजार मीटरची खरी चाचणी ठेवली. सगळी घरं आली. बाबा टोपी घालून, छत्री घेऊन पहिल्या रांगेत बसले. शेजारी वॉशिंग मशीनवाले बाबा. दोघे एकमेकांना जवाचा गार चहा ओतून देत होते, एकमेकांचा एकही शब्द न कळता.

मुली सुटल्या. पहिल्या फेऱ्या नेहमीसारख्या घोळक्यात गेल्या. मग गोल चेहऱ्याची मुलगी बाहेरच्या बाजूने आली आणि हसत हसतच सगळ्यांच्या पुढे निघून गेली. कोणाला काही कळेना. बिनआवाजाची उंच मुलगी बरगडीखाली हात धरून मागे पडत गेली. लाल बूट, गॅसवाली, सगळं उलटंपालटं झालं. माझी मुलगी चौथी होती. खरंच चौथी. शेवटची फेरी सुरू झाली आणि तिची मान किंचित वळायला लागली.

बाबा उभे राहिले आणि छातीतलं सगळं बळ लावून ओरडले, "मागे बघू नकोस!"

जपानी पालक शिस्तीत टाळ्या वाजवत होते. त्यात ती आरोळी तोफेसारखी फुटली. माझी मुलगी दचकली, आणि कोण ओरडलं हे पाहायला पूर्ण मागे वळली. नुसती मान नव्हे, खांदेही. तेवढ्यात दोघी तिच्या बाजूने निघून गेल्या.

ती सहावी आली.

बाबा खाली बसले. छत्री उघडी की मिटलेली याचंही भान त्यांना नव्हतं. "मी केलं हे," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेला पोरीचा नंबर."

मी काही म्हणणार इतक्यात नासपातीच्या बागेचे मालक समोर येऊन उभे राहिले आणि कमरेतून वाकले. त्यांची मुलगी पहिली आली होती. ते म्हणाले, सभेतला सातवा नंबर कानावर आल्यापासून ती रोज संध्याकाळी बागेतल्या ओळींमधून पळायची. आजवर तिला कोणी शेवटची म्हणालंच नव्हतं. घरी आम्ही म्हणायचो, पण ते खरं वाटत नसे.

"त्यांना सांग, मी चुकलो," बाबा म्हणाले. "ती फिरायला येत नव्हती. मलाच दिसलं नाही."

यावेळी मी शब्द न् शब्द सांगितला.

मुलगी टॉवेल घेऊन आली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, घाम कुठला आणि रडणं कुठलं कळत नव्हतं. आजोबांसमोर उभी राहिली. आजोबा मान खाली घालून बसलेले.

"आजोबा," ती मराठीत म्हणाली, "तुमचे सगळे नंबर चुकले. फक्त मी एकटा बरोबर आलो."

आणि तिला हसू आवरेना. आजोबांनी पहिल्यांदाच तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही.

बाबा पुढच्या आठवड्यात पुण्याला गेले. एकिदेनच्या दिवशी माझी मुलगी राखीव होती. नासपातीवाल्या मुलीचा टप्पा जिथे संपत होता, तिथे ती तिचा लांब कोट आणि पाण्याची बाटली घेऊन थंडीत उभी राहिली. पट्टा पुढे गेल्यावर ती मुलगी जी कोसळली, ती थेट हिच्या हातांत. आमचा संघ कुठेतरी मधे आला. पळलेल्या पाचही जणींपेक्षा माझी मुलगीच जास्त रडली आणि त्या पाचही जणी तिची समजूत काढत बसल्या.

घरी आल्यावर तिने माझा फोन मागितला, पुण्याला लावला आणि बाल्कनीत जाऊन काचेचं दार ओढून घेतलं. आतून मला ऐकू काही येत नव्हतं, पण तिचे हात सांगत होते. चढ कसा होता, वळण कुठे होतं, कोणी कोणाला कुठे गाठलं. मधेच ती थांबून ऐकायची, जोरात मान हलवून नाही म्हणायची आणि पुन्हा सुरू व्हायची. नवऱ्याने ताटं वाढली, वरण निवलं, मी परत गरम केलं. ती काही लवकर आत आली नाही.