लागवडीचा विसर्ग

मी कॉम्प्युटर शिकले त्याचं खरं कारण आई. ती शाळेत मराठी शिकवायची आणि घरी यायची तीही मास्तरीण म्हणूनच. सहलीची परवानगी मागणाऱ्या माझ्या चिठ्ठीतल्या वेलांट्यासुद्धा तिनं लाल पेनानं सुधारल्या होत्या. जिथं ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारत नाही असं काहीतरी शिकायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माझ्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पुढे प्रकाशा गावी मामाच्या केळीच्या मळ्यात मी ठिबकचे कॉक उघडणारं यंत्र बसवलं. मामाचे गुडघे गेलेले, कॉक फिरवत मळाभर हिंडणं त्याला जमेना. कोणता कॉक किती वाजता उघडायचा हे एका फाइलीत लिहिलेलं असे. मी शहाद्याहून फाइल पाठवायची, यंत्र ती वाचायचं.

गेल्या मे महिन्यात मी यंत्राचा प्रोग्रॅम बदलला आणि त्याला जुन्या वळणाची फाइल चालेना. जुनीत महिरपी कंस, शब्दाशब्दाला अवतरणचिन्हं, ओळीओळीला स्वल्पविराम. नव्या वळणात हा थाट नाही. नाव लिहायचं, पुढे अपूर्णविराम, म्हणजे एकाखाली एक दोन टिंबं, आणि खालची ओळ थोडी आत सरकवायची. तीही स्पेस देऊनच. टॅब दाबला की फाइल रुसते.

एका फुकट वेबसाइटनं रूपांतर करून दिलं, पण मामानं ठेवलेल्या कॉकच्या मराठी नावांचा आकड्या-अक्षरांत पार काला केला. ‘नाल्याकडचा’ कुठला तेच कळेना. म्हणून नावं मी हातानं टाइप केली, नव्या रोपांच्या तुकड्यासाठी ‘नवी लागवड’ अशी ओळ वाढवली आणि फाइल पाठवून दिली.

सकाळी मामाचा फोन. "पोरी, पानी नही उनं. एकबी कॉक उघडना नही. रोपं वाळी ऱ्हायनात."

"बघते मामा."

"संध्याकाळपावत नही चालनं तं तुन्हं मशीन काढी टाकसू."

रोपांना हातानं पाणी सोडायला तो गुडघे धरत निघालाही होता. मला फार वाईट वाटलं. शिवाय हे माझं पहिलंच यंत्र. ते निघालं असतं, तर आसपासच्या एकाही मळ्यात मला कुणी पाय ठेवू दिला नसता.

यंत्राची एकच तक्रार: तेराव्या ओळीत चूक आहे. ती ओळ मी पुसून पुन्हा लिहिली. स्पेस बोटांनी मोजल्या. मग कीबोर्ड आपटला.

"आपटल्यानं शुद्ध होत नाही ते," शेजारी गवार मोडत बसलेली आई म्हणाली. घरात आम्ही अहिराणी बोलतो, मामाही त्याच्या अक्काशी, म्हणजे आईशी, तीच बोलतो; पण चूक दिसली की आई प्रमाण मराठीत शिरते.

"बाराव्या ओळीत ‘लागवड’ला विसर्ग का दिला आहेस?"

"विसर्ग नाही गं तो. कॉम्प्युटरची टिंबं आहेत."

"वरच्या ओळीतली टिंबं बघ, सुटी आहेत. ही ‘ड’ला चिकटली आहेत. आणि विसर्ग संस्कृतातून आलेल्या शब्दांना. दुःख, अंतःकरण. लागवडीला कसला आलाय विसर्ग?"

"तू तुझी गवार मोड," मी म्हटलं, आणि केवळ तिला खोटं पाडायचं म्हणून ती टिंबं पुसली, कीबोर्ड इंग्रजीवर नेऊन नवी दिली आणि फाइल पाठवली.

यंत्रानं ती निमूट वाचली. झालं होतं असं, की मराठी कीबोर्डवर अपूर्णविराम सापडेना, तेव्हा समोर दिसलेली दोन टिंबं मी दाबली होती. ‘लागवड’पाशी नाव संपलं हे यंत्राला कळलंच नाही आणि ते बिचारं खालच्या ओळीला बोल लावत बसलं.

पाच मिनिटांत मामाचा फोन. "उनं वं माय, पानी उनं!" मला इतका आनंद झाला की मी आईला गवारीसकट मिठी मारली. लाजही वाटत होती, म्हणून मामाला झालं ते सगळं खरं सांगून टाकलं. हा प्रामाणिकपणा मला चांगलाच नडला.

पंधरा दिवसांनी मामाला पाण्याची वेळ बदलायची होती. फोन मीच उचलला.

"बोल मामा."

"तुले नही, अक्काले दे," मामा म्हणाला. "मशीन तिन्हं शे."