उन्हात टाकलेलं घोंगडं

माझे वडील महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आजोबाही तसेच होते म्हणे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन पंचविशीत माझंही तेच सुरू झालं, तेव्हा भाऊ मला इंदापुराहून बारामतीला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

तिथं बाकावर शेजारी वरकुटे गावचे एक उतारवयाचे गृहस्थ होते. आल्या आल्या त्यांनी खांद्यावरचं घोंगडं कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात पसरलं. मग कपाळाला भंडारा लावला आणि गोळी तोंडात टाकली.

मी विचारलं, "तात्या, देवानं बरं होतं का हे?"

"देवाला म्हणलं, गोळी मी खातो, तू निस्ता संगं ऱ्हा."

"पण माझ्या वडलांनाही हेच होतं."

"माझ्याबी बापाला हुतं. घोंगडंबी त्याचंच हाय." ते हसले. "डोळा उघडला की आधी ते उन्हात टाकतो. मग परत निजायला काय उरतच न्हाय."

मला अजूनही पडून राहावंसं वाटणारे दिवस येतात. देवाचं तर काही ठरवता आलेलं नाही. पण सकाळी वडलांची गोधडी तारेवर टाकली की हात आपोआप जोडले जातात, ते त्या तात्यांना.