शेजारीण राजमाता झाली त्याची गोष्ट

एका डॉक्युमेंटरीने आमचा मिलिंद बिघडवला.

तो जाऊन आज वर्ष झालं, म्हणून चारचौघांत सांगतो.

माणूस रेगेन्सबर्गच्या कार प्लांटमध्ये ब्रेक डिझाइन करणारा. स्वतःला मात्र ब्रेक नाही.

डॉक्युमेंटरी हॉलिवूडच्या एका निर्मात्यावर होती. घटस्फोट, दिवाळं, स्टुडिओतून हकालपट्टी, आणि तरी बाबा नवा सिनेमा घेऊन हजर.
आम्ही हळहळत होतो. मिलिंद टाळ्या वाजवत होता.

“पंडित, धडा कळला का? जो ‘नाही’ म्हणतो, त्यालाच पिक्चरमध्ये घ्यायचं!”

(शाळेत संस्कृत घेतलं, एवढ्या गुन्ह्यासाठी मी जन्मभर पंडित.)

लगेच तो आमच्या गणपतीतल्या नाटकाचा ‘प्रोड्युसर’ झाला. तालमी त्याच्याच फ्लॅटवर, रविवारी.

आता जर्मनीत रविवार म्हणजे रूहेत्साइट, सक्तीची शांतता. साधा खिळा ठोकायचा नाही. आम्ही तर लढाया करत होतो.

संस्कृत नाटक नांदीने सुरू होतं. आमचं, खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ होफमान यांच्या बेलने.

“पुन्हा आवाज आला तर घरमालकाला कळवीन!”

दुसरी जागा नव्हती. नाटक बुडालं, असंच मी धरलं.

मिलिंदने हात जोडले. “आमच्याकडे राजमाता नाहीये. आणि तुमच्याइतका दरारा कुणाकडेच नाही हो.”

“मला तुमची भाषा येत नाही.”

“गेनाऊ! अगदी बरोबर! राजमाता बोलत नाहीत. नुसत्या बघतात.”

बाई आत आल्या.

मिलिंदच्या बायकोने, स्वातीवहिनींनी, त्यांना नऊवारी नेसवली. पुढच्या तालमीला बाईंना संवादही हवा झाला.
मिळाला. एकच शब्द: “पुरे!”

प्रयोगात त्यांनी तो असा टाकला की दरबारच काय, प्रेक्षकांतली पोरंही चिडीचूप.

पुढे शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्येही मिलिंद सुधारला नाही. डॉक्टर म्हणाले, अजिबात बोलायचं नाही. हा माझ्या कानात, “सेनापती शोभेल रे.”

आज त्याच्या घरी जमलो होतो. यंदा नाटक नको, असं जवळजवळ ठरलंच होतं.

बेल वाजली. फ्राऊ होफमान.

“इतकी शांतता का? तालीम नाही?”

वहिनींचा बांध फुटला. मग आम्हा सगळ्यांचाच.

जीन्समधल्या बाईंनी खांद्यावर नसलेला पदर सावरला आणि त्या कडाडल्या,

“पुरे!”

रडता रडता सगळे हसत सुटलो.

तर निर्मातेसाहेब, नाटक होतंय. नाव तुझंच लागेल.

आमची श्रद्धांजली रविवारी दुपारी, पूर्ण आवाजात. खालून परवानगी आहे.